खार, भात आणि वाल : उरणच्या ताटाची ओळख

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी लाँच साधारण तासाभरात उरणच्या मोरा बंदराला लागते. पिढ्यान्‌पिढ्या मुंबईहून उरणला येण्याची हीच वाट होती. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा सुमारे २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला. खारकोपरपासून पुढे उरणपर्यंतच्या उपनगरी रेल्वेचे उद्‌घाटनही त्याच दिवशी झाले. भरती-ओहोटी पाहून प्रवासाला निघणारे गाव आता घड्याळ पाहून निघू लागले. पुलावरून उतरणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीस प्रथम पडतात त्या कंटेनरच्या चळती, त्यांच्यामागे बंदराच्या उंच याऱ्या आणि तेलाच्या टाक्या. हे पाहून कोणी विचारले, की 'या गावाचे स्वतःचे असे खाणे कोणते?', तर प्रश्नकर्त्याला दोष देता येणार नाही.

बँकेच्या सेवेत असताना माझी काही वर्षे उरण परिसरात गेली. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या पेढ्या आणि दुकाने मुंबई, पनवेल, पेण, अलिबाग या पट्ट्यात आहेत. उरणचा तांदूळ, मीठ आणि वाल त्यांच्यापैकी कित्येकांच्या वाडवडिलांच्या वह्यांत जमा-खर्चाच्या रूपाने आले असतील. म्हणून या गावाच्या ताटाचा हिशेब एकदा शांतपणे मांडावा, असे वाटले.

बेट आणि आगर

उरण हे मूळचे बेट. जुन्या कागदपत्रांत त्याचा उल्लेख 'करंजा बेट' असा येतो. उत्तरेला मोऱ्याकडची टेकडी, दक्षिणेला द्रोणागिरीचा डोंगर आणि या दोहोंमध्ये सखल पट्टा, अशी त्याची रचना. संजीवनीसाठी पर्वत घेऊन जाताना हनुमंताच्या हातून त्याचा एक तुकडा येथे पडला, अशी द्रोणागिरीची आख्यायिका सांगतात. पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज अशा तीन सत्तांनी या बेटासाठी झुंज दिली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टीबरोबर करंजा आणि घारापुरीही इंग्रजांकडे कायम झाले. एवढ्याशा बेटाचे महत्त्व मुंबई बंदराच्या तोंडावरील त्याच्या जागेत होते. पण त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्या सखल पट्ट्यातून, म्हणजे भात आणि मीठ यांतून येत असे. एकोणिसाव्या शतकात मोहाच्या दारूच्या भट्ट्यांसाठीही उरण प्रसिद्ध होते. ती ओळख काळाबरोबर मागे पडली आणि मिठाची टिकून राहिली.

मिठाच्या शेताला येथे 'आगर' म्हणतात आणि आगरी समाजाचे नाव या आगरावरूनच आले, असे सामान्यतः मानले जाते. एखाद्या समाजाचे नावच मुळी त्याच्या उत्पादनाच्या जागेवरून पडावे, ही गोष्ट मला नेहमी विचार करण्याजोगी वाटली. आपल्याकडे आडनावे गावावरून पडतात, धंद्यावरून पडतात. येथे संपूर्ण समाज जमिनीच्या एका प्रकारावरून ओळखला गेला.

मीठ पिकविणे हे दिसते तितके सोपे नाही. पाऊस संपून जमीन वाळली की आगराची डागडुजी सुरू होते. उधाणाच्या भरतीचे पाणी आत घेऊन ते प्रथम साठवणीत ठेवतात, मग एकातून दुसऱ्या वाफ्यात फिरवितात. प्रत्येक वाफ्यात ऊन-वारा त्यातील पाण्याचा अंश कमी करतो. एक हजार लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ किलो क्षार असतात. उरलेले सारे पाणी उन्हानेच उडवायचे असते. शेवटच्या वाफ्याची तळजमीन तुडवून, चोपून घट्ट केलेली असते. तेथे मिठाचे खडे धरू लागले की राहिलेले कडसर पाणी वेळीच बाहेर काढावे लागते, नाहीतर मीठ कडवट होते. हे सारे काम उघड्या पायांनी, डोळे दिपविणाऱ्या उन्हात चाले. मिठाचे पाणी पायांच्या भेगांत शिरते तेव्हा काय होते, हे आगरातल्या माणसालाच ठाऊक. एखादा वळिवाचा पाऊस वेळेआधी आला की महिनाभराची मेहनत तासाभरात विरघळून जाई. मिठाच्या ढिगावर कर्ज देताना तारण किती टिकाऊ आहे याचा विचार करावा लागतो, हे व्यापारी वाचकांना वेगळे सांगायला नको.

खाऱ्या जमिनीतला भात

मिठागरांच्या जोडीला होती ती खाडीकाठची भातशेती. भरतीचे पाणी अडविण्यासाठी मातीचा बांध घालायचा, पावसाचे पाणी बाहेर सोडण्यासाठी त्यात उघाडी ठेवायची आणि आतल्या जमिनीतील क्षार पावसाने धुऊन निघाला की तेथे भात लावायचा, ही कोकणातील जुनी विद्या. अशा जमिनीला 'खार' म्हणतात. खारकोपर, शेमटीखार ही नव्या रेल्वेमार्गावरील स्थानकांची नावे प्रवासी रोज ऐकतात; त्या नावांत ही शेती अजून शिल्लक आहे.

खारात कोणताही भात येत नाही. त्यासाठी क्षार सोसणारे वाण लागतात. 'राता' हा त्यांतला जुना, तांबूस दाण्याचा भात. पनवेल येथे खार जमिनीसाठीच चालणारे कृषी संशोधन केंद्र आहे आणि तेथून निघालेले क्षारसहिष्णू वाण 'पनवेल' याच नावाने ओळखले जातात. रात्याचा भात दिसायला शुभ्र नाही. लग्नाच्या पंगतीत त्याला मान मिळत नसे. परंतु त्याची भाकरी आणि पेज खाल्लेला माणूस दुपारपर्यंत शेतात वाकून काम करू शकतो, असे जुनी माणसे सांगत.

उरणच्या घरात भाकरी म्हणजे तांदळाचीच. पाण्याला उकळी आणून त्यात पीठ वैरायचे, झाकून वाफ द्यायची आणि ती उकड गरम असतानाच मळायची. यात हात भाजतो. पण उकड निवली की भाकरीच्या कडा चिरतात, त्यामुळे दुसरा इलाज नाही. थापलेली भाकरी तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची आणि फुगू द्यायची. उत्तम भाकरी पांढरी, मऊ आणि घडी घातली तरी न मोडणारी असते. याच तांदळाची घावने होतात, हळदीच्या पानात वाफविलेले पातोळे होतात, गौरी-गणपतीला आणि लग्नकार्यात तांदळाच्या पिठाचे वडे होतात. आगरी लग्नात विधींच्या वेळी धवलारीण धवले गाते. तांदळाशिवाय त्या मांडवातले काम पुढे सरकत नाही.

वाल आणि पोपटी

भात कापून झाला की त्याच शेतात, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल टाकतात. वेगळे पाणी नाही, फारशी खते नाहीत. हिवाळ्यातले दव आणि भाताने मागे ठेवलेला ओलावा एवढ्यावर हे पीक उभे राहते. पौष-माघात शेंगा भरतात. वाळलेल्या वालाचे बिरडे रायगड जिल्ह्यात सर्वत्र होते. वाल भिजवून, मोड आणून, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा आणि ओल्या नारळाच्या वाटणात, कोकमाच्या आंबटपणावर शिजवायचा. आपल्याकडे मोड आलेले कडधान्य वर्ज्य मानणारी घरे आहेत. अशा घरांतून वाल केवळ भिजवून, मोड फुटण्यापूर्वीच सोलतात. सोलायला वेळ अधिक लागतो, पण वालाचा तो किंचित कडवट आणि मागाहून गोड लागणारा स्वाद तसाच राहतो. कांदा-लसणाची त्याला मुळीच गरज नसते, हा माझ्या घरचा अनुभव.

ओल्या शेंगांची मात्र खरी कीर्ती आहे ती पोपटीमुळे. रायगडच्या किनारपट्टीवर हिवाळ्यात शेतात केला जाणारा हा प्रकार आता शहरांतूनही ऐकू येतो. पण तो समजून घ्यायचा तर शेताच्या बांधावरच गेले पाहिजे. बांधाच्या कडेला भांबुर्डा नावाची उग्र वासाची वनस्पती आपोआप उगवते. मातीच्या मडक्याच्या तळाशी तिचा पाला घालायचा, त्यावर निवडलेल्या शेंगा, जाडे मीठ आणि ओवा यांचे थर द्यायचे, तोंड पुन्हा पाल्याने घट्ट बंद करायचे आणि मडके जमिनीवर उपडे ठेवून भोवती काटक्या-पेंढा रचून पेटवायचा. आत पाण्याचा थेंब घालायचा नाही. शेंगांचा आणि पाल्याचा ओलावा हीच वाफ. अर्ध्या तासाने तापलेल्या मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडून पाहतात. ते चर्र करून तत्काळ उडाले, की पोपटी झाली.

पोपटी ही मूळची रात्रीची मौज. बहुतेक मंडळी तीत बटाटे, रताळी घालतात आणि मांसाहार करणाऱ्यांचे मडके अर्थातच निराळे असते. व्यापारी कुटुंबांना बोलावणे असले म्हणजे मात्र आमचे शेतकरी खातेदार दुपार कलताच नव्या कोऱ्या मडक्यात केवळ शेंगांची पोपटी लावीत आणि दिवस मावळण्याच्या आत ती उघडीत. 'तुमचं जेवण सूर्याबरोबर, आमचं चंद्राबरोबर,' असे एक वृद्ध खातेदार हसत म्हणत. या सौजन्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही, म्हणून येथे करतो.

या मडक्यात काय काय एकत्र येते ते पाहावे. शेंग खारालगतच्या शेतातली, मीठ शेजारच्या आगरातले, पाला बांधावरचा, पेंढा त्याच हंगामाच्या भाताचा आणि मडके कुंभाराच्या चाकावरचे. बाजारातून आणावा लागे तो फक्त ओवा.

पावसाळ्याचा संयम

उरणची ओळख सांगताना मासळीचा उल्लेख टाळणे हे असत्य ठरेल. मोरा आणि करंजा ही कोळ्यांची बंदरे आहेत. ताजी मासळी आणि उन्हात वाळविलेले सुके हा येथील बहुसंख्य घरांचा रोजचा आहार आणि अनेकांचा चरितार्थ आहे. आपल्या आचारात ते बसत नाही. तथापि आपल्या शेजाऱ्याचे ताट त्याच्या समुद्राने ठरविलेले असते, हे ध्यानात ठेवून त्याच्याकडे पाहावे, असे मला तेथे राहून वाटू लागले.

एका गोष्टीकडे मात्र वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. हा माशांच्या प्रजननाचा काळ. आज हा सरकारी नियम आहे. पण पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करूनच त्या पुन्हा पाण्यात लोटायच्या, ही प्रथा त्या नियमाहून कितीतरी जुनी आहे. श्रावण पाळणारी आगरी-कोळी घरे पुष्कळ आहेत. आपला चातुर्मास आषाढात सुरू होतो. कारणे वेगळी, तत्त्वज्ञान वेगळे. पण जीवसृष्टीच्या वाढीच्या काळात माणसाने हात आखडता घ्यावा, एवढे शहाणपण दोघांच्या पंचांगांत आहे.

याच दिवसांत उरणच्या बाजारात रानभाज्या येतात. तालुक्याच्या पूर्व भागातील डोंगरउतारांवरून आदिवासी स्त्रिया शेवळ, टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली टोपलीत घेऊन येतात. शेवळ घशाला खाजते, म्हणून तिच्याबरोबर काकड नावाची आंबट फळे विकण्याची रीत आहे. विकणारी बाई औषधाबरोबर अनुपान द्यावे तशी भाजीबरोबर काकडे मोजून देते. चातुर्मासात पालेभाजी न घेणाऱ्यांना करटोली तेवढी उरतात. पण ती एकटीच पुरेशी आहेत. ज्या रानातून या भाज्या येतात त्या चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला आणि गोळीबारात आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. त्याच वर्षी देशभर मिठाचा सत्याग्रह चालू होता. मीठ आणि रान या दोन्ही गोष्टी उरणच्या माणसाला परक्या नव्हत्या, त्याच्या ताटातल्या होत्या.

सातबारा आणि कणगी

आता या हिशेबाची दुसरी बाजू. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. त्यापुढे न्हावा-शेवा बंदर आले. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले आणि १६ व १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत जासई-दास्तान आणि नवघर परिसरात झालेल्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व पुढे मान्य झाले, त्यामागे हे बलिदान आहे. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर राष्ट्राला अर्पण झाले.

बँकेच्या टेबलापलीकडून मी या बदलाचा पुढचा भाग पाहिला. पीककर्जाच्या अर्जाला सातबाराचा उतारा जोडावा लागतो. त्यातला बारा नंबरचा नमुना म्हणजे पिकांची नोंद : खरिपात भात, रब्बीत वाल. माझ्या दृष्टीने उरणच्या पाककृतीचे पहिले पान तेच होते. हळूहळू पीककर्जाचे अर्ज कमी झाले आणि मुदत ठेवींच्या पावत्या वाढल्या. एक वयस्क शेतकरी पावती हातात घेऊन बराच वेळ उभे होते. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, "सायेब, पैसं तुमचे बँकेन हान, पन कनगीन काय भरू?" त्यांच्या घरात पहिल्यांदाच त्या वर्षी दुकानातून तांदूळ आला होता. व्याजाचा दर मी त्यांना सांगू शकलो. या प्रश्नाला माझ्याजवळ कोष्टक नव्हते.

बंदर आले ते वाईटच झाले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बंदराने नोकऱ्या दिल्या, वाहतुकीचे व्यवसाय दिले, मुले शिकली. आगरात उभ्या पायांनी आयुष्य काढलेल्या कोणत्याही बापाला मुलाने तेच करावे असे वाटत नव्हते. खाण्यासाठी विकायचे मीठ आयोडीनयुक्तच असावे, हा नियम २००६ पासून देशभर लागू झाला. गलगंडासारख्या विकारांच्या दृष्टीने तो योग्यच. परंतु आगरातले खडे मीठ त्यामुळे स्वयंपाकघरातून दूर गेले. अशा रीतीने प्रत्येक बदलाला सबळ कारण होते आणि सर्व बदलांची बेरीज अशी झाली, की पोपटी करणाऱ्या घरातही आज शेंगा, मीठ आणि पेंढा ही तिन्ही विकत आणावी लागतात. रीत राहिली, शिधा गेला.

एका इंग्रजी परगण्याचे उदाहरण

हा प्रश्न एकट्या उरणचा नाही. इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यात वेकफील्ड आणि लीड्सच्या परिसरात रुबार्ब नावाच्या वनस्पतीचे आंबट देठ पिकवितात. शेतात वाढलेली मुळे थंडी लागल्यावर उपटून अंधाऱ्या, उबदार छपरांत नेतात. प्रकाशाच्या अभावी देठ कोवळे आणि गुलाबी येतात आणि त्यांची तोडणी मेणबत्तीच्या उजेडात होते. खत म्हणून तेथल्या लोकर गिरण्यांचा टाकाऊ माल शेतात घालीत. पोपटीप्रमाणेच येथेही एका पदार्थात परगण्याचा सारा व्यवसाय उतरलेला आहे. तेथेही लागवडीचे क्षेत्र पूर्वीच्या मानाने पुष्कळ आकसले आहे. पण २०१० मध्ये यॉर्कशरच्या या रुबार्बला युरोपीय संघाचे उगमस्थान-संरक्षण मिळाले. त्या नावाने माल विकायचा तर तो त्याच पट्ट्यात, त्याच रीतीने पिकलेला असला पाहिजे.

आपल्या देशात भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ मध्ये झाला आणि २००३ पासून अंमलात आला. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळाले, त्यात रायगड जिल्हाही आहे. शेजारच्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये ते लाभले. कांदा आपल्या अनेक घरांत वर्ज्य आहे. पण त्याच्या निमित्ताने जे झाले ते समजून घेण्यासारखे आहे. गावाचे नाव मालाला चिकटले की शेतकऱ्याला ते पीक ठेवण्याचे कारण मिळते.

व्यापाऱ्याचे काम

येथे आपला संबंध येतो. शेतकरी पिकवितो, गृहिणी रांधते. पण माल कोठला हे सांगायचे की लपवायचे, हे मधल्या दुकानात ठरते. पूर्वी गोणीवर आणि वहीत गावाचे नाव असे, कारण ग्राहक ते विचारीत. पुढे माल एकत्र ओतला जाऊ लागला. वाल म्हणजे वाल आणि तांदूळ म्हणजे तांदूळ, एवढीच नोंद राहिली. दूरवरून आलेला स्वस्त वाल आणि खाडीकाठचा वाल एकाच पोत्यात मिसळला, की खाडीकाठच्या शेतकऱ्याला वाल पेरण्यात अर्थ वाटत नाही. मग ती जमीन गोदामाला देणे त्याला सोपे जाते.

उरणच्या पूर्व भागात वशेणी, आवरे, खोपटे या बाजूला अजून खारातली भातशेती आहे. बांधाला खांड पडली की खारे पाणी आत शिरते आणि दोन-तीन हंगाम हातचे जातात. तरीही काही शेतकरी चिकाटीने पेरीत आहेत. त्यांचा राता आणि वाल फार मोठ्या प्रमाणावर मिळणार नाही. परंतु कोकणपट्टीतील आपल्या दहा-वीस दुकानांनी जरी हा माल वेगळ्या पोत्यात ठेवला, पोत्यावर गावाचे नाव लिहिले आणि तो मिसळला नाही, तर मानांकनाच्या मार्गावरचे पहिले पाऊल कोणत्याही सरकारी अर्जावाचून पडेल. सचोटीने माल वेगळा ठेवणे हे आपल्या व्यापारी परंपरेला नवे नाही आणि त्याला भांडवलही फारसे लागत नाही.

घरातल्या मंडळींसाठी एवढेच, की संक्रांतीनंतरच्या एखाद्या रविवारी मुलांना घेऊन लाँचने मोऱ्याला जावे. बाजारात ओल्या शेंगा आलेल्या असतात. घेताना दराबरोबर शेत कोणत्या गावचे तेही विचारावे. विकणाऱ्या बाईला तो प्रश्न आवडतो. ती गाव सांगते, बांध सांगते आणि बहुधा मूठभर शेंगा वर घालते.